तेलविहिरींच्या कामासाठी यंत्र घ्यावं का? अंबडच्या एका कारखान्याचं प्रकरण

मार्च २०२४. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो: काका, त्यांचा पुतण्या आणि मी. टेबलावर दोन कागद होते. एक बँकेचं, ३ कोटी ४५ लाखांच्या मुदत कर्जाचं मंजुरीपत्र. दुसरं, मुंबईकडच्या एका व्हॉल्व्ह आणि वेलहेड (तेलविहिरीच्या तोंडावरची जोडणी) बनवणाऱ्या कंपनीचं. त्यात ‘येत्या तीन वर्षांत आपल्याकडून नियमित काम करून घेण्याचा आमचा मानस आहे’ असं एक वाक्य होतं. ‘मानस’ या शब्दाखाली काकांनी पेन्सिलीने रेघ मारली होती.

मी बावीस वर्षं बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाच्या फायली तपासल्या. आता सातपूर, अंबड, सिन्नर भागातल्या कारखान्यांना सल्ला देतो. हे प्रकरण काका-पुतण्याच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील आणि काही रकमा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणं मात्र जशीच्या तशी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या कारखानदारांपैकी काहीजण अजूनही देशातल्या तेल-वायूच्या बातम्या वाचून यंत्र घ्यायचं ठरवतात. त्यांच्यासाठी हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

पार्श्वभूमी

कारखाना १९९४ पासूनचा. अडतीस माणसं, संगणकावर चालणारी यंत्रं दहा (सात सीएनसी लेथ, तीन व्हीएमसी म्हणजे मिलिंगची यंत्रं), वर्षाची उलाढाल ११ कोटींच्या आसपास. त्यातलं पाऊण काम डिझेल इंजिनाच्या इंधन पुरवठ्याच्या सुट्या भागांचं, आणि तेही मुख्यतः दोन ग्राहकांचं. नाशिकच्या कारखानदारीची घडणच अशी आहे. गाड्यांचा धंदा शिंकला की अंबडला सर्दी होते.

पुतण्याने नाशिकलाच मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, चार वर्षं चाकणला एका व्हॉल्व्ह कंपनीत काढली आणि २०२१ मध्ये घरच्या कारखान्यात परतला. आल्या आल्या त्याने काकांना सांगितलं, की गाड्या विजेवर जायला लागल्या आहेत. आपले भाग ज्या इंजिनात बसतात ते इंजिनच पुढे कमी होणार. आता दुसरं काम शोधायला हवं. काकांना हे पटलं होतं. ‘दुसरं काम म्हणजे कोणतं’ इथे मात्र दोघांचं जमत नव्हतं.

मुंबईकडच्या कंपनीचा प्रस्ताव असा होता: विहिरीच्या तोंडावर बसणाऱ्या जोडणीचे भाग बनवायचे. फ्लँज म्हणजे दोन भाग जोडणारी जाड चकती, बोनेट म्हणजे व्हॉल्व्हचं झाकण, आणि ट्यूबिंग हेड स्पूल म्हणजे वेलहेडमधला पोकळ जोडतुकडा. जमिनीतून किंवा समुद्रतळातून वर येणारं तेल आणि वायू ज्या व्हॉल्व्हच्या मनोऱ्यातून जातात, त्याला या धंद्यात ख्रिसमस ट्री म्हणतात. हे त्याचे आणि त्याच्या खालच्या वेलहेडचे भाग. तिसऱ्या वर्षी ३ कोटींपर्यंत काम मिळेल असं तोंडी सांगितलं होतं. त्यासाठी सव्वा मीटर व्यासाची नवी व्हीटीएल म्हणजे मोठे गोल भाग कातणारी उभी लेथ, एक हॉरिझॉन्टल बोरिंग मशीन, आतून निकेल मिश्रधातूचा थर चढवायचा क्लॅडिंगचा संच, दाब-चाचणीची व्यवस्था आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा म्हणजे एपीआयचा परवाना, असा सगळा मिळून ४ कोटी ६० लाखांचा खर्च होता.

काकांच्या मनात एक जुना सल होता. जिन्याखाली एका लाकडी खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेली काही जिग्ज (यंत्रावर भाग पकडून ठेवायची साधनं) पडून आहेत. २०१४ मध्ये ड्रिलिंगची हत्यारं पुरवणाऱ्या एका ठेकेदारासाठी त्यांनी ती बनवून घेतली होती. त्या वर्षी जूनमध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला ११५ डॉलर होता. जानेवारी २०१६ मध्ये तो ३० डॉलरच्या खाली गेला. ठेकेदाराचं काम मधल्या मध्ये बंद पडलं आणि शेवटची दोन बिलं आजवर आली नाहीत. पहिल्याच भेटीत काकांनी मला त्या खोक्याजवळ नेलं, कागद सोडवून एक जिग हातात दिलं आणि म्हणाले, “साहेब, हे वजनाने विकलं असतं तरी काही आलं असतं. विकवलं नाही.”

प्रश्न

पुतण्याचं म्हणणं: देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी जवळपास ८८ टक्के बाहेरून येतं. सरकार कोणतंही असो, देशातलं उत्पादन वाढवण्याचा जोर राहणारच. म्हणजे विहिरी वाढणार, विहिरींचे भाग लागणार.

काकांचं म्हणणं: देशातलं तेल उत्पादन वर्षानुवर्षं घसरतंय. घसरत्या धंद्यात कर्ज काढून कोण उतरतं? आणि गाड्या खरंच बॅटरीवर गेल्या, तर तेल तरी कोणाला लागणार?

दोघांचे आकडे खरे होते. मला प्रश्न पडला तो वेगळाच: यातला कोणता आकडा या कारखान्याच्या दारात काम आणून टाकतो?

देशाचं चित्र, जसं आम्ही मांडलं

नाशिककराला ‘तेल’ म्हटलं की मनमाडजवळचं पानेवाडी आणि तिथल्या टँकरच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. पण तिथे येतं ते मुंबईच्या रिफायनरीतून नळाने आलेलं तयार पेट्रोल-डिझेल. आमचा विषय त्याच्या कितीतरी आधीचा होता: जमिनीखाली तेल शोधायचं आणि वर काढायचं. हा फरक आधी स्पष्ट केला, कारण काकांच्या ओळखीतले निम्मे सल्ले पेट्रोलपंपाच्या अनुभवावरून येत होते.

उत्पादनाचा आकडा काकांच्या बाजूने होता. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३ कोटी ८० लाख टन कच्चं तेल निघालं. २०२२-२३ मध्ये ते २ कोटी ९२ लाख टनांवर आलं. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आयातीवरचं अवलंबित्व २०२२ पर्यंत १० टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. तेव्हा ते ७७ टक्के होतं. वाढत्या वापरामुळे आणि घटत्या उत्पादनामुळे ते खाली येण्याऐवजी ८७ टक्क्यांच्या वर गेलं. वायूचं चित्र जरा बरं, तरी गरजेच्या जवळपास निम्मा वायू द्रवरूपात जहाजांनी येतो.

पुतण्याची बाजू ताज्या बातमीने भक्कम झाली होती. ७ जानेवारी २०२४ रोजी कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातल्या ९८/२ या ब्लॉकमधून ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने पहिलं तेल काढलं. ते वाचून तो भारावला होता, आणि मला त्यात गैर वाटलं नाही. आपल्या ब्रह्मगिरीवरून निघालेली नदी लाखो वर्षं गाळ वाहून नेत राहिली, तो पूर्व किनाऱ्यापलीकडे समुद्रात साचला आणि त्याच्या थरांत तेल-वायू अडकून राहिला. नाशिकच्या माणसाला ही गोष्ट जवळची वाटणारच. नाशिकखाली मात्र लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. त्याच्याखाली गाळाचे जुने थर असण्याची शक्यता भूवैज्ञानिक मांडतात, पण या जाड दगडातून खालचं चित्र नीट घेणंच अवघड. त्यामुळे देशाच्या २६ गाळाच्या खोऱ्यांच्या यादीत दख्खनचं खोरं अजून शेवटच्या वर्गात आहे.

मग मी एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. शोध किंवा सुरुवात कधी, आणि पहिलं उत्पादन कधी. कृष्णा-गोदावरीतला डी-६ ब्लॉक: वायू सापडला २००२ मध्ये, बाहेर आला एप्रिल २००९ मध्ये. राजस्थानातलं बाडमेरचं मंगला क्षेत्र: सापडलं जानेवारी २००४, तेल सुरू ऑगस्ट २००९. ९८/२: ओएनजीसीने सूत्रं घेतली २००५ मध्ये, पहिलं तेल २०२४. उलटं उदाहरण एकच होतं, मुंबई हाय. फेब्रुवारी १९७४ मध्ये सापडलं आणि मे १९७६ मध्ये तेल वाहू लागलं. पण ते उथळ पाण्यातलं क्षेत्र होतं, आणि १९७३ च्या तेलसंकटाने सगळं सरकार त्यामागे लावलं होतं.

कागदाच्या खाली मी लिहिलं: बँकेचं कर्ज सात वर्षांचं, हप्ते एका वर्षानंतर सुरू.

काका बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. शोधाच्या बातमीने मिळणारं काम यायला पाच ते वीस वर्षं लागतात आणि बँक तेवढी थांबत नाही, हे त्यांना न सांगता कळलं. डी-६ मध्ये आणखी एक धडा होता. २०१० मध्ये दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटर वायू देणारं ते क्षेत्र पाणी आणि वाळूमुळे काही वर्षांतच त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आलं. पहिलं उत्पादन आलं म्हणून पुढची वर्षं पक्की झाली असंही नाही.

इथपर्यंत काकांचा जय होता. पण त्यांच्याही बोलण्यात एक चूक होती, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. उत्पादन घसरतंय म्हणजे काम घसरतंय, असं होत नाही. मुंबई हायमधून जवळपास पन्नास वर्षं तेल निघतं आहे. क्षेत्र म्हातारं झालं की विहिरीतला दाब उतरतो, तेलाबरोबर येणारं पाणी वाढतं, व्हॉल्व्हचे बसण्याचे भाग झिजतात, पाइप गंजतात. तेवढंच तेल काढायला जास्त विहिरी पाडाव्या लागतात आणि जुन्या पुन्हा उघडून दुरुस्त कराव्या लागतात. तेलाच्या धंद्यात या दुरुस्तीला वर्कओव्हर म्हणतात. ओएनजीसीचा वर्षाचा भांडवली खर्च ३० हजार कोटींच्या आसपास किंवा त्याहून वर राहिला आहे, उत्पादन उतरत असतानाही. उत्पादनाची रेघ खाली जाते, खर्चाची नाही. आमच्या कारखान्याची दोरी खर्चाच्या रेघेला बांधलेली असणार होती.

धोरणाचं पारडंही काहीसं त्याच बाजूला झुकत होतं. एप्रिल २०२३ पासून जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा भाव कच्च्या तेलाच्या १० टक्के, आणि वर साडेसहा डॉलरची मर्यादा (वायू मोजायच्या एमएमबीटीयू या एककामागे), असा ठरला. पण त्याच निर्णयात जुन्या क्षेत्रांतल्या नव्या विहिरींतून किंवा विहिरीची डागडुजी करून काढलेल्या वायूला २० टक्के जास्त भाव देण्याची तरतूद होती. विहिरी दुरुस्त करण्याला सरकारनेच पैशाचं कारण दिलं होतं. उलट बाजूने, देशी कच्च्या तेलावर जुलै २०२२ मध्ये टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर लागला होता आणि तो दर पंधरवड्याला बदलत होता. भाव चढला की कर चढतो, अशा वातावरणात नव्या खासगी गुंतवणुकीचा हात आखडतो.

काकांचा बॅटरीचा प्रश्न राहिला. त्याला माझं उत्तर छोटं होतं. गरजेच्या बारा टक्केच तेल देशात निघत असेल, तर उद्या मागणी थोडी कमी झाली तरी आधी आयात कमी होईल. घरचं तेल कोणी जमिनीत सोडून देणार नाही.

पर्याय

चार होते. पहिला, सगळं घ्यायचं: नवी यंत्रं, क्लॅडिंग, परवाना, पूर्ण कर्ज. एक वर्षाची सूट संपल्यावर महिन्याचा हप्ता साडेसहा लाखांच्या आसपास बसत होता. दुसरा, नकार द्यायचा आणि वाहनांच्याच कामात विजेच्या गाड्यांचे भाग शोधायचे. तिसरा, पायरीपायरीने जायचं: एक जुनी व्हीटीएल घ्यायची, परवाना ग्राहकाकडेच राहू द्यायचा, आपण त्याच्या हाताखाली फक्त मशीनिंग करायचं. चौथा, शहरातल्या पाइप गॅस आणि सीएनजीच्या जाळ्याला लागणारे व्हॉल्व्ह-जोड बनवायचे. हे जाळं नाशिकसह राज्यभर पसरतं आहे आणि त्याचा कच्च्या तेलाच्या भावाशी संबंध बराच सैल आहे.

चौथ्या पर्यायावर आम्ही जेमतेम वीस मिनिटं बोललो. पुतण्या म्हणाला, त्यात मार्जिन नाही, आणि आम्ही पुढे गेलो. त्याबद्दल खाली लिहितो.

निर्णय कुठे फिरला

मंजुरीपत्रावर सही करायची मुदत महिनाअखेरीची होती. पुतण्याचा कल पहिल्या पर्यायाकडे, काकांचा दुसऱ्याकडे. आवाज चढले नाहीत, पण काका ‘तुला जे करायचं ते कर’ म्हणाले. काकांच्या तोंडचं हे वाक्य म्हणजे पक्का नकार, हे पुतण्याला माहीत होतं.

मी एक विनंती केली. ग्राहक कंपनीला एकच प्रश्न विचारा: तुमच्या मागच्या तीन वर्षांच्या विक्रीत देशातल्या नव्या विहिरींचं काम किती, जुन्या विहिरींच्या दुरुस्तीचं किती आणि निर्यात किती? पुतण्याला संकोच वाटला. मोठ्या गिऱ्हाइकाला असं विचारणं बरं दिसत नाही, असं त्याला वाटत होतं. काका म्हणाले, “अरे, मुलगी द्यायची तर मुलाचा पगार विचारतोच ना आपण?” पत्र गेलं.

उत्तर यायला पंधरा दिवस लागले आणि बँकेकडून मुदत वाढवून घ्यावी लागली. उत्तर असं होतं: नव्या विहिरी साधारण पाचवा हिस्सा, दुरुस्ती आणि सुटे भाग तीस टक्के, आणि निम्मी विक्री निर्यातीची, मुख्यतः अमेरिकेत टेक्सासमधलं ह्यूस्टन आणि आखाती देश.

हे वाचल्यावर ऑफिसात शांतता पसरली. आम्ही तीन आठवडे कृष्णा-गोदावरी आणि मुंबई हायवर डोकं चालवत होतो, आणि ग्राहकाचं निम्मं पोट भरत होतं अमेरिकेतल्या आणि आखातातल्या रिग्जवर. भारताच्या तेलाचं भविष्य म्हणून आम्ही जे कर्ज काढायला निघालो होतो, त्याचा अर्धा हप्ता टेक्सास आणि आखातातल्या कामावर उभा राहणार होता. देशातल्या दुरुस्तीच्या कामाचा जो हिस्सा आम्हाला भरवशाचा वाटत होता, तो जेमतेम तीस टक्के होता.

त्या संध्याकाळी तिसरा पर्याय ठरला. तीन अटी लिहून काढल्या. दुरुस्ती आणि सुट्या भागांच्या ऑर्डर आधी मागायच्या, निर्यातीच्या नंतर. तेलाच्या कामाचा वाटा एकूण उलाढालीच्या पाव हिश्श्यापलीकडे न्यायचा नाही. आणि वाहनांच्या कामाच्या एकाही यंत्राला हात लावायचा नाही.

काय केलं

कोइमतूरहून २०१२ ची एक व्हीटीएल आणली. दुरुस्ती, पाया, वाहतूक धरून ६२ लाख. त्यात कर्ज ४५ लाख, चार वर्षांचं, हप्ता सव्वा लाखाच्या आत. क्लॅडिंग बाहेरून करून घ्यायचं ठरलं. जून २०२४ मध्ये पहिलं काम सुरू झालं.

या कामातली बारीक गोष्ट बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. दोन फ्लँजच्या मध्ये रबर नसतं, धातूची कडी असते. ती ज्या खाचेत बसते त्या खाचेच्या बाजू तेवीस अंशांच्या उताराच्या असतात आणि त्यांचा गुळगुळीतपणा एपीआयने ठरवून दिलेला असतो. खाचेच्या बाजूवर आडवा एक ओरखडा असला, तर शेकडो बारच्या दाबाचा वायू तिथूनच वाट काढतो. वाहनांच्या भागांत मुरलेला आमचा जुना ऑपरेटर पहिल्या आठवड्यात दर खाचेवरून नख फिरवून बघायचा. नखाला काहीतरी लागलं की मान हलवायचा आणि इन्सर्ट, म्हणजे यंत्राचं कापणारं टोक, बदलायचा. पुढे मोजायचं यंत्र आलं, पण त्याने नख फिरवणं सोडलं नाही.

फटका बसला तो मात्र खाचेत नाही, कडकपणात. ज्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, त्यात फार कडक पोलाद अचानक तडकतं. म्हणून अशा कामाच्या मिश्र पोलादाला रॉकवेल या कडकपणाच्या मापावर २२ ची कमाल मर्यादा असते. जुलैमधल्या एका पावसाळी दुपारी ग्राहकाचा तपासनीस आला. अकरा स्पूल ओळीने मांडले होते. त्याने हातातलं यंत्र पहिल्यावर टेकवलं: २४. दुसऱ्यावर: साडेतेवीस. तिसऱ्यानंतर त्याने यंत्र बाजूला ठेवून प्रमाणित ठोकळ्यावर तपासून घेतलं, यंत्र बरोबर होतं. अकराही मर्यादेच्या वर निघाले. हीट ट्रीटमेंट करणाऱ्याचा आलेख फायलीत व्यवस्थित लावलेला होता, पण त्या दिवशी भट्टीत माल प्रमाणाबाहेर भरला होता आणि आतल्या भागांना टेम्परिंगची, म्हणजे कडकपणा उतरवण्यासाठी पुन्हा तापवण्याची, पुरेशी उष्णता मिळालीच नव्हती. आठ स्पूल पुन्हा टेम्पर करून, पुन्हा चाचण्या करून वाचले. तीन आधीच अंतिम मापाला आणले होते, ते भंगारात गेले. फोर्जिंग, म्हणजे घडवलेलं कच्चं पोलाद, आम्हीच विकत घेतलेलं असल्यामुळे नुकसानही आमचंच.

दुसरी अडचण पैशांची. ठरले होते पंचेचाळीस दिवस; पहिली बिलं सत्त्याण्णव दिवसांनी आली. काकांचा चेहरा २०१५ सारखा झाला. मग पुतण्याने एक साधं काम केलं. प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि ‘लघु उपक्रम’ असं ठळक छापलं, आणि ग्राहकाच्या हिशेब विभागाला तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) तरतुदीची आठवण करून देणारं नम्र पत्र पाठवलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिलं नाही, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी दाखवता येतो, त्याआधी नाही. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पैसे पन्नास दिवसांच्या आत येऊ लागले.

काय झालं

२०२४-२५ मध्ये तेलाचं काम १ कोटी ३८ लाखांचं झालं, उलाढालीच्या साधारण बारा टक्के. त्यात दुरुस्ती आणि सुट्या भागांचा वाटा निम्म्याहून जास्त होता. डिसेंबर २०२४ मध्ये देशी तेलावरचा जादा कर रद्द झाला. मार्च २०२५ मध्ये तेलक्षेत्रांच्या कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. ही चांगली चिन्हं होती, पण आमच्या ऑर्डरबुकात त्या वर्षी त्यांची खूण उमटली नाही. ती इतक्या लवकर उमटेल अशी अपेक्षाही आता कोणी धरली नव्हती.

एप्रिल-मे २०२५ मध्ये ब्रेंटचा, म्हणजे जगभर आधार मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाचा, भाव ६० डॉलरच्या आसपास आणि काही दिवस त्याच्या खालीही गेला. जूनमध्ये अमेरिकेने पोलादावरचं शुल्क ५० टक्के केलं, आणि ऑगस्टअखेरीस बहुतेक भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लागलं. ग्राहकाच्या ह्यूस्टनच्या ऑर्डर दोन तिमाही पुढे ढकलल्या गेल्या. मोठं कर्ज घेतलं असतं तर त्याची एक वर्षाची सूट नेमकी मे २०२५ मध्ये संपली असती आणि साडेसहा लाखांचा हप्ता त्याच महिन्यांत सुरू झाला असता. प्रत्यक्षात कारखान्याला दोन महिने व्हीटीएल एकाच पाळीत चालवावी लागली. देशातल्या जुन्या विहिरींच्या सुट्या भागांचं काम थांबलं नाही, हप्ता चुकला नाही, माणूस कमी केला नाही.

आज वेगळं काय केलं असतं

सगळ्यात आधी, ग्राहकाच्या विक्रीची फोड मंजुरीपत्र हातात येण्याआधी मागायला हवी होती, नंतर नाही. ही चूक माझी आहे. बँकेच्या सवयीने मी तोंडी सांगितलेला ३ कोटींचा आकडा जसा आला तसा कर्जफेडीच्या गणितात टाकला, आणि गणित उत्तम आलं. तो आकडा कुठून येतो, हे मी तिसऱ्या आठवड्यात विचारलं.

कडकपणा मोजायचं यंत्र व्हीटीएलच्या आधी घ्यायला हवं होतं. ते घेतलं अकरा स्पूल नापास झाल्यावर. भट्टीतून आलेला माल मशीनवर चढवण्याआधी स्वतः तपासणं, एवढ्या एका पायरीने तीन स्पूल वाचले असते. आता तो नियम शेडच्या भिंतीवर रंगवलेला आहे.

पैशांची मुदत तोंडी नको, पहिल्या ऑर्डरवर लेखी हवी होती.

आणि चौथा पर्याय. शहरी गॅसच्या कामात मार्जिन कमी आहे हे खरं, पण ते काम दर महिन्याला येतं आणि ह्यूस्टनकडे बघत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात व्हीटीएल रिकामी असताना ते काम हाताशी असतं तर दुसरी पाळी चालली असती. वीस मिनिटांत सोडून द्यायचा तो विषय नव्हता. माझ्या मनात तो अजून आहे, आणि पुतण्याने सप्टेंबरपासून त्या बाजूच्या दोन खरेदीदारांना नमुने दिले आहेत.

पूर्ण परवाना आणि नवी यंत्रं न घेणं योग्य होतं का, यावर आमचं अजूनही एकमत नाही. पुतण्याला वाटतं की परवाना असता तर आम्ही थेट निविदा भरू शकलो असतो आणि मधल्या कंपनीवर इतकं अवलंबून राहावं लागलं नसतं. यात तथ्य आहे. लघुउद्योगांकडून ठरावीक खरेदी करण्याचं सरकारी धोरण आहे, पण निविदेतल्या अनुभवाच्या अटी वेगळ्या असतात आणि तो अनुभव आधी कुठेतरी कमवावा लागतो. आम्ही तो आता कमवतो आहोत, दुसऱ्याच्या नावाखाली.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचं उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने बीपी या कंपनीला तांत्रिक सेवा देण्यासाठी निवडलं, तेव्हा पुतण्याने बातमी काकांना फोनवर वाचून दाखवली. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातल्या शोधाच्या राष्ट्रीय मोहिमेची घोषणा झाली, तेव्हाही. सप्टेंबरमध्ये अंदमानच्या समुद्रात वायू सापडल्याची बातमी आली, तेव्हा काका कारखान्यातच होते. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, “अंदमानचं तुझी पोरं करतील. मुंबई हायच्या कामात जुन्या विहिरी किती उघडणार आहेत, ते विचारलंस का?”

पुतण्याने ग्राहकाला मेल टाकला आहे. उत्तर अजून यायचं आहे.